खरखरीत तार

आमच्या घरात तारेचा मार सुरू झाला तो अण्णानं बेस गिटार आणल्यानंतर. त्याआधी जे हाताला येईल त्याचा मार असायचा. छत्री, चप्पल, पाण्याचा तांब्या, मायच्याच हातातून ओढून घेतलेलं उलथनं. माय म्हणजे माझी आई, अण्णा माझा थोरला भाऊ, आणि मारणारे आमचे अप्पा. बीदरमधल्या नौबादच्या भाड्याच्या घरात आम्ही चौघंच राहायचो. अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. अंगानं किरकोळ, आवाज मऊ, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांची बटणं मनगटाशी नीट लावलेली. बीदरमध्ये त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे 'सर' म्हणायचे. शाळेत त्यांनी आयुष्यात छडी हातात धरली नाही, याचं गावाला कोण कौतुक! ज्या पोरांना दुसरे मास्तर ओणवं करायचे, त्यांना अप्पा शेजारी बसवून घ्यायचे आणि पोरगं हसत हसत गणित सोडवून उठायचं. हे खोटं नव्हतं. पुढं मी स्वतः जन्मभर गणितच शिकवलं, आणि फळ्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून अप्पांचीच वाक्यं निघायची. माणूस एकच होता, दोन नव्हते. हे लोकांना पटत नाही. मलाही पटायला फार वर्षं गेली.

संध्याकाळी आम्ही तिघंही कान देऊन असायचो. आधी गल्लीच्या तोंडाशी सायकलच्या चेनची खडखड, मग फाटकाची कडी, मग स्टँड. स्टँड हळू लागला तर संध्याकाळ बरी जायची. लाथ घालून लावला तर माय चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "सुमे, मागं जाऊन बस." मागं म्हणजे न्हाणीला लागून असलेली छोटी खोली. तिथून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं यायचं. भाकरी निवली म्हणून, नाहीतर भाकरीचा चटका बसला म्हणून, शेंगाच्या चटणीत लसूण जास्त पडला म्हणून ताट भिंतीवर जायचं. त्या दिवशी पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी असली तर तिचा आंबट वास दुसऱ्या दिवशीपर्यंत भिंतीला राहायचा. मग मायचा आवाज. ती रडायची नाही, प्रत्येक फटक्याला फक्त श्वास आत ओढायची. निजामाच्या अमलात अप्पा उर्दूतून शिकले होते, आणि पार संतापले की ते उर्दूत शिरायचे, तेही अदबीनं. "इधर आइए जरा," एवढं मायला म्हणाले की मी मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. शिवी त्यांनी कधीच दिली नाही.

वर्षातून एक दिवस आम्ही वेळअमावस्येला निर्ण्याला काकांच्या शेतावर जायचो. कडब्याच्या खोपीत पूजा, मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तिथं अप्पा धोतर खोचून भावांबरोबर रानातून हिंडायचे, आम्हाला हरभऱ्याचे डहाळे उपटून द्यायचे. एका वर्षी त्यांनी मायच्या ताटात स्वतःच्या हातानं भज्जी वाढली आणि म्हणाले, "खा की, दिवसभर राबायलीस." माय लाजून लाल झाली. त्याच दिवशी घरी परतल्यावर, ती धाकट्या दिराच्या बोलण्याला हसली होती म्हणून, त्यांनी तिला केसांना धरून उंबऱ्यावर आपटलं. तिचा पुढचा दात त्यात गेला. मला त्या सणाची आंबील अजून आवडते. दरवर्षी करते, आणि करताना दोन्ही गोष्टी आठवतात. एक आठवून दुसरी विसरायची सोय नाही.

अण्णा पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेला बसून बसून कंटाळला आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. त्याचं नाव रमेश, पण मी अण्णाच म्हणायची. तिथं त्याला चार दोस्त मिळाले, आणि त्यांनी लग्नाकार्यात वाजवायला ऑर्केस्ट्रा काढला. विमानतळावरच्या हवाई दलातला एक मल्याळी माणूस बदली होऊन चालला होता. त्याच्याकडची काळी बेस गिटार अण्णानं घेतली. साध्या गिटारीपेक्षा लांब, जड, चारच तारा, पण बोटाएवढ्या जाड. त्यावर ज्या तारा होत्या त्या गुळगुळीत होत्या, वरून चपटी पट्टी गुंडाळलेली. बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटायचं. त्यांचा आवाज म्हणजे कुणीतरी गोधडीत तोंड घालून बोलायलंय असा. तरी मला तो आवडला. बाकीची वाद्यं कानाशी बोलतात, ही छातीशी बोलायची. अण्णा दुकानात गेला की मी ती मांडीवर घ्यायची आणि डबा न जोडता नुसतीच वाजवायची. डबा म्हणजे अण्णानं जुन्या रेडिओच्या सुट्या भागांतून जुळवलेला अॅम्प्लिफायर. एकदा तो मधेच घरी आला आणि दारात उभा राहून ऐकत राहिला. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "सुमे, तुझं ताल सोडून जात न्हाई. माझं जायलंय." मग तो मला शिकवायला लागला, आणि थोड्याच दिवसांत मी त्याला.

त्या तारांपैकी एक तुटली. अण्णानं ती काढून खुंटीला अडकवून ठेवली. लग्नं जवळ आली होती आणि तो रोज उशिरा यायचा. एका रविवारी जेवताना अप्पांनी त्याला विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरला का?" अण्णा म्हणाला, "न्हाई अप्पा. मी आता बसत न्हाई." अप्पांनी हात धुतला, पंच्याला पुसला, उठून खुंटीवरची तार घेतली आणि म्हणाले, "खड़े हो जाइए." अण्णा उभा राहिला. वीस वर्षांचा गडी, अप्पांपेक्षा वीतभर उंच. तो हात बांधून उभा राहिला आणि अप्पा त्याला पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर मारत राहिले. तार हवेतून येताना शिट्टी वाजायची. मारता मारता अप्पांना धाप लागली, तेव्हा ते खाली बसले आणि मायला म्हणाले, "पाणी दे." मायनं दिलं. त्या रात्री मी अण्णाच्या पाठीला हळद-तेल लावत होते. लांब लांब निळे वळ होते, बोटाएवढे सुजलेले. तो पालथा पडून हसला. "गुळगुळीत तार हाय म्हणून बरं. कातडं फाटलं न्हाई."

नव्या तारा आणायला आम्ही हैदराबादला गेलो. मायनं औरादच्या मामीसाठी पातळ आणायचं कारण काढलं आणि मला अण्णाबरोबर धाडलं. अप्पांना ते पटलं, कारण मामीचं माहेर हैदराबादचं आणि तिला तिथलंच पातळ लागायचं. वाद्यांचं दुकान अरुंद होतं, वर छतापर्यंत तबले आणि हार्मोनियमच्या पेट्या. दुकानदार म्हातारा, टोपी घातलेला. त्यानं दोन पाकिटं काचेवर ठेवली. एकातली तार आमच्या जुन्या तारेसारखीच गुळगुळीत. दुसरीला तो राऊंडवाउंड म्हणाला. तिच्यावर पट्टी नव्हती, गोल तारच गच्च गुंडाळलेली होती, त्यामुळं बोटाखाली बारीक बारीक दाते लागायचे. मी अंगठा ओढला. कानस असते तशी होती ती. दुकानात टांगलेल्या दोन बेस गिटारींना या दोन्ही तारा लावलेल्या होत्या. अण्णानं दोन्ही वाजवून बघितल्या आणि मला म्हणाला, "तू सांग. तुझा कान चांगलाय."

"गुळगुळीतच घे," मी म्हणाले.

"कामून? वाजवली बी न्हाईस तू अजून."

"ही अंगावर बसली तर सोलून काढंल, अण्णा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण तो पाकिटं सोडून आमच्या तोंडाकडं बघायला लागला. अण्णाचा चेहरा लाल झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "सुमे, आपन तार मार खायला घ्यायलोय व्हय? वाजवायला घ्यायलोय. वाजव आन् सांग." त्यानं खरखरीत तारांची गिटार माझ्या गळ्यात घातली. आजवर मी घरची गिटार चोरून, घाबरून, आवाज न करता वाजवलेली. इथं भला मोठा डबा जोडलेला होता. मी सगळ्यात जाड तार ओढली आणि दचकले. ती गुरगुरली. पुढं बोट सरकवलं तर कापड फाटावं तसा आवाज निघाला आणि त्यातून स्वच्छ, खणखणीत सूर बाहेर आला. गोधडी कुणीतरी उचलून फेकून दिली होती. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला. मी किती वेळ वाजवत होते ते मला माहीत नाही. थांबले तेव्हा बोटांची टोकं लाल झाली होती आणि म्हातारा म्हणाला, "अब बोलो बेटी, कौनसी?"

मी खरखरीत निवडली. पुढं जे झालं त्यानंतर लोकांनी मला विचारलंय, अजून विचारतात, की त्या दिवशी दुसरी घेतली असतीस तर? मी त्यांना सांगते की मला आवाज आवडला म्हणून मी ती घेतली. सतरा वर्षांच्या आयुष्यात मार डोक्यात न धरता घेतलेला तो माझा पहिला निर्णय होता. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

कुणी मोठा पुढारी वारला म्हणून एक दिवस शाळा दुपारीच सुटली. आम्हाला ते माहीत नव्हतं. अण्णा दुकानात होता. माय स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत बसली होती. औरादला एका लग्नात वाजवायचं होतं आणि अण्णानं मला एक अवघड जागा बसवून ठेवायला सांगितली होती, म्हणून मी डबा जोडला आणि बरीच मोठ्यानं वाजवत होते. एकीकडं खलबत्ता, एकीकडं मी. मायनं मधेच हाक मारली, "लई छान वाजायलंय गं!" त्या आवाजात ना चेन ऐकू आली, ना कडी, ना स्टँड. मी मान वर केली तेव्हा अप्पा समोर उभे होते. त्यांच्या हातात अण्णाची पक्कड होती.

खाली वाकून, गिटार माझ्या मांडीवर असतानाच, त्यांनी जाड तार खालच्या टोकाशी पकडीत धरली आणि कापली. ताणलेली तार सुटली ती सरळ त्यांच्याच गालावर बसली. डब्यातून असा आवाज निघाला की मी कानांवर हात घेतले. त्यांच्या गालावरून रक्ताची रेघ उतरली. त्यांनी बोट लावून ते रक्त बघितलं. मग गिटारीच्या वरच्या खुंटीवरून हिसका देऊन तार ओढून काढली, हाताला दोन वेढे घातले आणि मऊ आवाजात म्हणाले, "पीठ इधर कीजिए."

पहिला फटका बसला तेव्हा दुखलंच नाही, पाठीवर कुणी गरम पाणी ओतल्यासारखं झालं. दुसऱ्याला पोलकं फाटल्याचं कळलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. मी भिंतीशी सरकले, त्यांनी वेणी धरून मला ओढलं. तार खांद्यावर आली, मानेवर आली. दर वेळी ती मागं ओढली जाताना चामडी बरोबर घेऊन जायची. गुळगुळीत तार मारून निघून जाते, ही रुतून निघायची. मी आडवी पडले होते आणि फरशीवर माझ्याच रक्ताचे शिंतोडे दिसत होते. मला आठवतं, मी त्यांना "अप्पा, अप्पा" म्हणत होते. मारणाऱ्यालाच हाक मारत होते, कारण घरात मोठ्यानं हाक मारायला दुसरं नाव मला सुचलं नाही.

तेवढ्यात खलबत्त्याचा आवाज बंद झाला.

इतकी वर्षं मार चालू असला की माय दाराच्या चौकटीत येऊन उभी राहायची, पदर तोंडाला लावून. त्या दिवशी ती चौकटीत थांबली नाही. तिच्या हातात बत्ता होता, त्याला चटणी चिकटलेली. अप्पांनी तार उगारली होती. मायनं दोन्ही हातांनी बत्ता उचलला आणि त्या उगारलेल्या हातावर घातला. वाळलेली तुराटी मोडते तसा आवाज झाला. तार खाली पडली. अप्पा आपल्या हाताकडं बघत राहिले. मनगटातून तो भलतीकडंच लोंबत होता. त्यांनी डावा हात उचलला, आणि मायनं बत्ता पुन्हा वर धरला.

"उचला," ती म्हणाली. "उचला की. त्यो बी मोडते."

बत्ता खाली आला नाही. अप्पा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि लहान मुलासारखे विव्हळायला लागले. मी जन्मात त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. शेजारच्या पोरानं दुकानात जाऊन सांगितल्यावर अण्णा धावत आला. त्यानं आधी माझी पाठ बघितली. मग खाली बसलेल्या बापाकडं गेला. माझ्या मनात आलं, आता हा त्यांना जिवंत ठेवत नाही. त्याच्या मुठी वळल्या होत्या, गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या होत्या. त्यानं पायानं त्यांच्या पोटात एक लाथ घातली. दुसरी घालायला पाय मागं घेतला तेव्हा माय म्हणाली, "रमेश, बास. तुझं काम न्हाई ते." तो तसाच उभा राहिला, आणि मग भिंतीवर स्वतःचं डोकं आपटून घेत रडला.

शेवटी त्यानंच अप्पांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. मी पालथी पडून खिडकीतून बघत होते. पडू नये म्हणून अप्पांनी चांगल्या हातानं अण्णाच्या कमरेला घट्ट विळखा घातला होता.

दुसऱ्याच दिवसापासून भेटायला माणसं यायला लागली. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून अप्पा पुढच्या खोलीत खाटेवर बसायचे आणि सांगायचे, नाक्यावर शेळी आडवी आली, सायकल घसरली, गालाला तारेचं कुंपण लागलं. ऐकणारे हळहळायचे. माय त्यांना स्वतःच्या हातानं घास भरवायची. भाकरी दुधात कुस्करून, एकेक घास. ते खाली मान घालून खायचे. मला त्याचा राग यायचा. मी तिला विचारलं, "कामून भरवतीस?" ती म्हणाली, "उपाशी मारायचं असतं तर बत्ता डोस्क्यात घातला असता."

अप्पांचा तो हात पुढं कधी नीट वळला नाही. ते डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले, आणि वर्षाअखेरीला गुलबर्ग्याला बदली मागून घेऊन तिकडंच खोली करून राहिले. अण्णानं औरादचं लग्न वाजवलं. त्यानंतरच्या लग्नात, पाठीवर खपल्या असताना, मी वाजवलं, आणि पुढं मला नोकरी लागेपर्यंत वाजवत राहिले. अप्पा गेले तेव्हा त्यांचे किती विद्यार्थी ढसाढसा रडत होते! मी त्यांच्यात उभी होते आणि मलाही रडू आलं. ते कशाचं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळबद्दल. हेडमास्तर आणि त्यांच्या घरच्या बाई भेटायला आले होते. बाई जाडजूड, शांत, जरीच्या काठाचं पातळ नेसलेल्या. नवऱ्याच्या पुढं त्यांनी कधी शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. अप्पांनी शेळीची गोष्ट सांगितली. हेडमास्तर चुकचुकले. "काय नशीब बघा. ज्या मानसानं कधी मुंगीला दुखवलं न्हाई, त्याच्याच वाट्याला हे."

माय चहाचे कप घेऊन आली होती. तिनं ताटली खाली ठेवली. "शेळी न्हवती, सर," ती म्हणाली. "मी होते. बत्त्यानं हाणलं."

हेडमास्तर हसण्याच्या बेतात होते. त्यांनी अप्पांकडं बघितलं आणि त्यांचं हसू तोंडातच राहिलं. अप्पा खाटेच्या काठाकडं बघत होते. मग बाईंनी विचारलं, "कामून हो?"

मायनं मला हाक मारली. मी आले तशी तिनं मला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि ओढणी बाजूला सारली. पोलकं पाठीला सहन होत नव्हतं म्हणून मी अण्णाचा जुना सदरा मागं उघडा ठेवून घातला होता. मला पाहुणे दिसत नव्हते. माझ्यासमोर खाट होती आणि खाटेवर अप्पा. मागं कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. हेडमास्तर घाईनं उठले. "चला, अंधार पडायलाय," ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," बाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

"जावा तुम्ही. मी येते मागनं."

ते दारात घोटाळले, चपला घातल्या, पुन्हा एकदा वळून बघितलं आणि एकटेच गेले. बाई उठून आमच्यामागं स्वयंपाकघरात आल्या. पाट नको म्हणाल्या, जरीच्या पातळासकट खालीच बसल्या. माझ्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग कोपऱ्यातला बत्ता त्यांनी हातात घेतला, त्याचं वजन बघितलं आणि अगदी हळू, एखादी भाजी कशी करायची विचारावं तशा आवाजात मायला विचारलं, "कुठं मारायचं असतंय हो? मनगटावर?"

माय चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"काय सांगू बाई," ती म्हणाली. "मी डोळे मिटून हाणलं."